पाचवं फळ

‘लिहून घेऊ नकोस हां,’ लेक फोनवर म्हणाली, आणि माझ्या हातातली पेन्सिल कागदावर टेकायच्या आधीच थांबली. रविवारची सकाळ होती. दुपारी जेवण उरकून ती एकटीच येणार होती आणि मला सांगत होती की तू काही करत बसू नकोस, फक्त फ्रूट सॅलड कर, सोपं असतं, पाच फळं आण नि चिर. मग तिनं फळांची नावं सांगितली. एकेक, सावकाश, मध्ये थांबून, शाळेत शुद्धलेखन घालतात तशी. पाचवं नाव सांगून झाल्यावर ती उगाचच म्हणाली, ‘राहील ना लक्षात?’ मी म्हटलं, न राहायला काय झालं. फोन ठेवला, पेन्सिल शिवणाच्या डब्यात परत टाकली, आणि गॅसवरचा चहा उतू जायच्या बेतात होता तेव्हा मला कळलं की माझी परीक्षा घेतली जात होती.

ही परीक्षा माझ्या ओळखीची आहे. माझ्या आईची घेतली होती तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होते. डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, आजी, मी तीन शब्द सांगतो, थोड्या वेळानं परत विचारीन. चमचा, झाड, चेंडू. मग त्यानं इकडचं तिकडचं विचारलं, आज वार कुठला, गावात कोण कोण असतं, कागदावर घड्याळ काढायला लावलं, आणि म्हणाला, हं, सांगा आता. आई म्हणाली, चमचा. मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, तुमच्या शर्टाची कॉलर वाकडी बसलीय, कुणी शिवला? कॉलर खरंच वाकडी बसली होती. मला त्या क्षणी आईचा इतका अभिमान वाटला की हसू आवरेना, आणि पाचच मिनिटांनी दवाखान्याच्या जिन्यात रडू आवरेना. आई तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. मला साठ व्हायला अजून आठ महिने आहेत. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांनी निदान साठी तरी पुरी होऊ द्यावी. लेक अशाच एका दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटांची नावं लिहून घेते. आतलं बोलणं तिला दाराबाहेर ऐकू येत असणार. तिनं चमचा, झाड, चेंडूच्या जागी फळं घातली, म्हणजे मला वाईट वाटायला नको. तिच्या या मायाळूपणाचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

तिला हे सुचायला कारण होतं. तीन आठवड्यांपूर्वी मी एकशेवीस डाव्या बाह्या कापल्या. ज्यांनी कधी कापडाला कात्री लावली नाही त्यांना हे जरा उलगडून सांगावं लागतं. मी कपड्यांच्या कारखान्यात कटर आहे. कारखान्यात एकेक शर्ट कापत नाहीत. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरतात, एकावर एक, शंभर-सव्वाशे, वर कागदी फर्मा ठेवतात आणि उभ्या पात्याचं मशीन फिरवून सगळे थर एकदम कापतात. थर समोरासमोर लावायचे असतात, एकाची सुलट बाजू वर, तर पुढच्याची खाली. मग एकाच फर्म्यातून जोड्या निघतात, एक डावी, एक उजवी. सगळे थर एकाच तोंडानं लागले तर निघतात नुसत्या डाव्या. दोन्ही हात डावे असलेली साठ माणसं सापडली तर उपयोग. ही नवशिक्याची चूक आहे. पहिल्या वर्षी प्रत्येकजण ती एकदा करतो आणि पुढं जन्मभर त्यावरून चिडवून घेतो. मी पहिल्या वर्षी केली नव्हती. एकतिसाव्या वर्षी केली. मालकांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, बाई, तीन आठवडे घरी विश्रांती घ्या, आणि मग सोमवारी सांगा काय ठरवता ते. ‘काय ठरवता’ म्हणण्यातच सगळं ठरलेलं होतं. वर त्यांनी माझ्या लेकीला परस्पर फोन केला. तिनं मला ते सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून ती माझ्याशी पेशंटशी बोलावं तशी बोलते, प्रत्येक वाक्याला उशी लावून. उद्या तो सोमवार आहे.

पिशवी घेऊन खाली उतरले तेव्हा पाचही नावं माझ्या तोंडात होती. जिन्यात म्हणतच उतरले, एका पायरीला एक, आणि तळाला पोचेपर्यंत त्यांची कविता झाली होती. कोपऱ्यावरच्या फळवालीकडे सफरचंदं घेतली, दाबून नाही, देठापाशी हुंगून. केळी घेतली, ठिपके नुकते धरू लागलेली. संत्री तळहातावर तोलून जड बघून घेतली. द्राक्षं घेतली, त्यातलं एक खाऊन. फळवाली म्हणाली, ‘आणखी काय देऊ?’ आणि पाचवं नाव नव्हतं. जिभेवर आहे पण आठवत नाही, असं असतं ना, तसंही नव्हतं. नुसती मोकळी जागा होती. समोर सगळी फळं मांडलेली होती, त्यातलंच एक असणार, पण मी एकेकावरून नजर फिरवत गेले आणि प्रत्येक फळ सारखंच वाटलं, असेल किंवा नसेल. मागं एक गृहस्थ घसा खाकरत उभे होते. कुठलंही एक उचलून पिशवीत टाकता आलं असतं, किंवा म्हणता आलं असतं की ते आज मिळालं नाही. पण माप चुकल्यावर गिऱ्हाईकच जाड झालंय असं सांगणाऱ्यांतली मी नाही, निदान अलीकडपर्यंत तरी नव्हते. ‘एवढंच,’ म्हटलं आणि चार फळं घेऊन परत आले. येताना जिन्यातही ते नाव सापडलं नाही.

स्वयंपाकघरात सुरी नव्हती. म्हणजे होती, मनीनं आणून दिलेली. लेकीला घरी मनी म्हणतात, लहानपणी पावलांचा आवाज न करता दुधाच्या पातेल्यापाशी सापडायची म्हणून. दोन आठवड्यांपूर्वी तिनं ही निळ्या प्लास्टिकच्या मुठीची, टोक गोल केलेली सुरी आणली. हिनं लोणी कापता येईल, तेही उन्हाळ्यात. माझी सुरी तिनं वरच्या फळीवर मोठ्या पातेल्यामागं ठेवली होती. लपवली असं ती म्हणणार नाही, आवरलं म्हणेल. मी स्टूल घेतलं, चढले, सुरी काढली. हात थरथरला नाही. हे मी मुद्दाम बघितलं, आणि मुद्दाम बघावं लागलं याचा पुन्हा राग आला. चिनीमातीचा कप उपडा केला आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं घासलं, एका अंगानं दहा, दुसऱ्या अंगानं दहा. टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं, त्यावर पाट ठेवला, म्हणजे सरकत नाही. काचेचं मोठं भांडं घेतलं, त्यात पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस. सफरचंद चिरलं की लगेच तांबूस पडायला लागतं, लिंबाच्या पाण्यात तसं होत नाही. एवढी तयारी करेपर्यंत राग उतरला होता. हत्यारं मांडली की माझा राग नेहमीच उतरतो.

पहिलं सफरचंद देठापासून खाली सरळ चिरलं. दोन अर्धी झाली, एक डावं, एक उजवं. ती पाटावर शेजारी शेजारी ठेवून मी बघत राहिले. फळ या बाबतीत कधी चुकत नाही. मग त्यांचे चार भाग केले, मधला कठीण भाग तिरका काप देऊन उडवला, आणि फोडी करायला लागले. पहिली फोड करंगळीच्या पेराएवढी केली, बाकीच्या तिच्या मापानं. ‘कापायला काय, खाटीकसुद्धा कापतो,’ आमचे कटिंगचे मास्तर म्हणायचे, ‘आपण बेततो.’ कानावर खडू, डाव्या हाताचं मधलं बोट पेरभर कमी, ते पेर कुठं गेलं हे विचारलं तर म्हणायचे, एका शर्टाच्या खिशात राहिलं. कटिंगच्या टेबलाला तेव्हा सात पुरुष होते आणि खालच्या मजल्यावर बटणं लावणाऱ्या आम्ही बावीस बायका. एकदा मी वर बटणांचा डबा मागायला गेले आणि टेबलावर अंथरलेलं कापड बघून म्हटलं, मास्तर, चौकडी जुळत नाहीये. सातही जण हसले. मास्तर हसले नाहीत. ते वाकले, एक डोळा मिटून टेबलाच्या कडेनं बघितलं, आणि म्हणाले, बटणवाली बरोबर बोलतेय, उचला सगळं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रद्दीचा गठ्ठा आणि एक जुनी कात्री दिली. सहा महिने मी रद्दी कापली. नवरा सकाळी कालचं वर्तमानपत्र उघडायचा तर एखाद्या मंत्र्याच्या भाषणात बाहीच्या आकाराचं भोक. बिचारा भोकाच्या आजूबाजूचं वाचायचा. सहा महिन्यांनी मास्तरांनी मला खरं कापड दिलं, आणि टेबलाशी उभी राहणारी त्या कारखान्यातली मी पहिली बाई झाले. त्यानंतर कुणी हसलं नाही. हे मी एकतीस वर्षं रोज एकदा तरी मनाशी म्हणत आले आहे, आजही फोडी करताना म्हटलं.

फोडी लिंबाच्या पाण्यात पडत होत्या. द्राक्षं धुतली, पुसली, एकेक उभं चिरून अर्धं केलं. द्राक्ष आडवं चिरतात ते घाईचे लोक. उभं चिरलं की त्याचं पोट दिसतं आणि रस सुटतो. चिरता चिरता पाचव्या फळाकडे मागच्या दारानं जायचं बघत होते. मनीचा आवाज आठवला, चौथ्या नावानंतरची तिची थांबण्याची जागा आठवली, तेव्हा खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं तेही आठवलं, ते टीं टीं टीं. नाव तेवढं आठवेना. जे ऐकलं ते सगळं जवळ आहे आणि नेमकं तेवढंच गळालंय, हे बरं लक्षण की वाईट, ते डॉक्टरला माहीत. आईला कॉलर दिसली होती आणि झाड दिसलं नव्हतं. मग मुळाक्षरं धरली. अ, अननस, अंजीर. क, कलिंगड. च, चिकू. ज, जांभूळ. प्रत्येक नावाशी क्षणभर थांबले, कुठलंच आपलं वाटलं नाही. ड, डाळिंब. आणि डाळिंबाच्या शेजारी, ड ची दुसरी, डावी. तिथून मुळाक्षरं पुढं गेलीच नाहीत.

संत्रं सोलायला घेतलं होतं. फाका सुट्या केल्या आणि एकेका फाकेवरचं पातळ पापुद्र्याचं सालटं सोडवायला लागले, आतला गर न फोडता, म्हणजे फाक नागडी पण अखंड. हे काम हळू होतं आणि हळू कामात माणूस स्वतःच्या तावडीत सापडतो. तेव्हा खरं काय ते सांगते, इतका वेळ सांगायचं टाळलं. त्या दिवशी कारखान्यात तीन पाहुणे आले होते, दूरच्या कुठल्या मोठ्या दुकानाचे, कडक इस्त्रीतले. मालक त्यांना घेऊन टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘या आमच्या बाई. एकतीस वर्षं. डोळे मिटून कापतात.’ मी डोळे मिटून कधीही कापत नाही. मशीन हातात घेण्याआधी मी चारी कोपऱ्यांना वाकते, थर एकेक उचलते, आणि बोटांची मागची बाजू कापडावरून फिरवते. सुलट बाजू गुळगुळीत लागते, उलट जरा खरबरीत. मास्तरांनी शिकवलेलं, तळव्याला घट्टे पडतात म्हणून बोटांची पाठ. पाच-सात मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ माणूस कंबरेतून वाकून, काहीतरी हरवल्यासारखं टेबलाच्या कडेशी चाचपडत असतं. तीन इस्त्रीतल्या माणसांसमोर तसं चाचपडणं मला त्या दिवशी कमीपणाचं वाटलं. कापड अंथरणाऱ्या दोघींनी थर एकाच तोंडानं लावले होते, कारण आदल्या दिवशीचं काम तसं होतं, आणि आज वेगळं आहे हे त्यांना सांगणं माझं काम होतं. मी मशीन चालू केलं. बाहीच्या वरचं ते अवघड वळण, जिथं सगळे दोनदा थांबतात, ते एका दमात काढलं. पाहुण्यांतला एकजण ‘वा’ म्हणाला. कोण म्हणाला ते बघायला मी मान वळवली. बघितलंसुद्धा. मिशीवाला होता.

संध्याकाळी बॉबिन वर आली. ती शिवणाच्या मशीनवर असते, अंगानं रिळासारखी आहे म्हणून बॉबिन. तिनं दोन्ही हातांत एकेक बाही घातली होती आणि दोन्ही एकाच बाजूला वळत होत्या. ‘बाई,’ ती हळूच म्हणाली, ‘उजवी कुठंय?’ मालक आले, अंथरणाऱ्या दोघी आल्या, सगळे टेबलाभोवती गोळा झाले आणि मालकांनी विचारलं, कसं झालं हे? तेव्हा मी म्हटलं, ‘आठवत नाही.’ दोनच शब्द. मला सगळं आठवत होतं, मिशीसकट. पण मिरवत होते असं त्या सगळ्यांदेखत म्हणण्यापेक्षा विसरले म्हणणं सोपं गेलं. आणि ते म्हटल्याबरोबर मालकांचा चेहरा मऊ झाला. बॉबिननं पाणी आणून दिलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. एकतीस वर्षांत मला त्या टेबलाशी कुणी खुर्ची दिली नव्हती. मी बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि वर मी ते अवलक्षण वयाच्या नावावर खपवलं. म्हातारपण माझ्या दारात आलंही नव्हतं, मीच त्याला हात धरून आत आणलं. आता ते खरंच आलेलं असलं तर? तीन आठवडे विसरणारी म्हणून घरात बसले, आणि आज विसरले. खोटं बोलून घातलेला कपडा अंगाला बरोबर बसायला लागला होता.

हे मनात स्वच्छ झालं तेव्हा माझ्या हातात शेवटची फाक होती. ती फुटली नव्हती. अकराच्या अकरा अखंड निघाल्या होत्या, दोन्ही संत्र्यांच्या मिळून बावीस. गर्वाचं घर खाली असं म्हणतात. माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि गर्व मला आहे, तो असायलाच हवा, तो नसता तर मी अजून बटणं लावत असते. पण गर्व कामाचा करायचा की ‘वा’चा, एवढंच त्या दिवशी चुकलं. केळी सगळ्यात शेवटी घेतली, कारण ती काळी पडतात. सालं काढली, चकत्या केल्या, जराशा तिरक्या. लिंबाचं पाणी निथळून टाकलं. उरलेल्या एका संत्र्याचा रस काढून वरून ओतला, चमचाभर मध घातला, आणि चमच्यानं न ढवळता भांडंच दोन्ही हातांनी हलवलं, म्हणजे फोडींच्या कडा मोडत नाहीत. भांडं उजेडात धरलं. सगळे काप एका मापाचे, पांढरे, हिरवे, केशरी. माझ्या हातून काय बिघडलंय आणि काय बिघडलेलं नाही हे त्या भांड्यात मला दिसत होतं.

मनी तीनला आली. चप्पल काढता काढता तिची नजर आधी सुरीकडे गेली, मग माझ्या बोटांकडे, मग भांड्याकडे. मी दोन वाट्या भरल्या. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि खायच्या आधी चमच्यानं फोडी बाजूला करून बघायला लागली, एक, दोन, तीन, चार, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी मी तिचे फ्रॉक शिवायची तेव्हाही ती अशीच आत डोकावून बघायची. शिवणीच्या पलीकडं जे कापड आत दुमडून ठेवतात, बाहेरून न दिसणारं, त्याला आमच्या कामात माया म्हणतात. बाकीचे कटर अर्धं बोट माया ठेवतात, मी बोटभर ठेवते. त्यावरून मी बोलणी खाल्ली आहेत. मास्तर मात्र म्हणायचे, ठेव तू, माणूस जाड होतो, बारीक होतो, कापड बिचारं तेवढंच राहतं. मनीच्या फ्रॉकांना तर मी चार बोटं ठेवायची आणि दरवर्षी थोडी सोडायची. जुन्या शिवणीची रेघ राहायची, आणि शाळेतल्या मुली त्या रेघा मोजून फ्रॉकचं वय काढायच्या. तेव्हा ती चिडायची. आता तीच रेघा मोजत होती.

‘चारच आहेत,’ मी म्हटलं. ‘मोजू नकोस. पाचवं मला आठवलं नाही.’

चमचा थांबला. तिनं कसले चार, कसलं पाचवं, असं विचारून बघितलं, पण तिला खोटं बोलता येत नाही. मग तिचा चेहरा दवाखान्यातला झाला. ‘आई, एवढं काही नसतं,’ ती म्हणाली. ‘आपण एकदा डॉक्टरांना—’

‘दाखवू. माझी ना नाही. पण त्याआधी बाह्यांचं ऐक. बाह्या मी विसरले नव्हते. मी खोटं बोलले.’

मी तिला सगळं सांगितलं, पाहुणे, कोपरे, ‘वा’, मिशी, खुर्ची. काही गाळलं नाही. ती ऐकत राहिली आणि ऐकताना एकेक फोड खात राहिली, हे तिच्या लक्षातही आलं नसावं. माझं सांगून झालं तेव्हा तिची वाटी रिकामी होती आणि तिचे डोळे भरले होते, आणि ती चिडली होती. ‘तीन आठवडे,’ ती म्हणाली. ‘तीन आठवडे मी पेशंटांची नावं चुकीची लिहितेय. तुला एवढं म्हणता आलं नाही, की मी मिरवत होते?’

‘नाही आलं,’ मी म्हटलं. ‘आत्ताही जड गेलं.’

तिनं नाक पुसलं. मिरवणं तर तुझं जन्माचं आहे, त्यात लपवण्यासारखं काय, सगळ्या कारखान्याला माहीत असेल, असं काहीतरी पुटपुटली आणि स्वतःच्या हातानं वाटी पुन्हा भरून घेतली. मला हलकं वाटलं आणि जरा लाजही वाटली. मग मी तिला विचारलं, ते पाचवं फळ कुठलं होतं ग?

मनीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बोटांवर मोजायला लागली, सफरचंद, केळी, संत्री, द्राक्षं, आणि अंगठा वर उभा राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कशाला मदत करू. शेवटी ती उठली, पर्स आणली, पावत्या, गोळ्यांची पाकिटं, कंगवा सगळं टेबलावर ओतलं आणि त्यातून एक चिठ्ठी शोधून काढली. ‘पपई,’ तिनं वाचलं. आम्ही दोघी त्या चिठ्ठीकडे बघत राहिलो आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेचना, केळ्याची चकती घशात अडकून ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थापटत म्हटलं, तू चिठ्ठी बघून पाच, मी न बघता चार, आता डॉक्टरकडे जाताना दोघींचीही नावं लिही. जाणार आहे मी. पपईचं काय ते डॉक्टर सांगेल, आणि तो जे सांगेल ते ऐकून घेईन. पण बाह्यांचं मला सांगायचं होतं, आणि ते सोमवारपर्यंत ठेवलं तर पुन्हा जमणार नाही हे मला माहीत होतं.

तिच्यादेखतच मालकांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला आणि त्या नव्या मऊ आवाजात विचारलं, ‘बाई? सगळं ठीक आहे ना?’

‘ठीक आहे. त्या दिवशी आठवत नाही म्हटलं ते खोटं होतं. पाहुण्यांसमोर मिरवत होते, कोपरे तपासले नाहीत. वयाचा काही संबंध नाही.’

मनीनं चमचा वाटीत अलगद ठेवला. मग मालकांनी दीर्घ श्वास सोडला आणि म्हणाले, ‘हे तेव्हाच सांगायचं ना, बाई.’ आवाजातला मऊपणा गेला होता. एकतीस वर्षं ज्या आवाजात ते माझ्याशी बोलत होते आणि माझ्यावर खेकसत होते तो आवाज होता, आणि तो ऐकून माझे डोळे पाणावले.

‘त्या बाह्या कुठं आहेत?’ मी विचारलं.

त्या पोत्यात भरून टेबलाखाली टाकल्या होत्या, चिंध्या घेणारा उद्या येणार होता. मी म्हटलं, त्याला परत पाठवा. बाहीचं पुढचं अंग जरा खोल असतं आणि मागचं जरा भरलेलं, डाव्या-उजव्यात फरक असतो तो एवढाच. मागचं थोडं कोरायचं, पुढचं थोडं सोडायचं, की डावीची उजवी होते. अर्धं बोट ठेवलं असतं तर सोडायला काही उरलं नसतं.

‘बोटभर माया ठेवलीय मी त्यांत,’ मी म्हटलं. ‘साठ उजव्या होतील.’

मालक मनात माप घेत होते हे मला इकडे कळत होतं. ‘होतील,’ शेवटी ते म्हणाले. ‘पण एवढं किचकट काम करणार कोण?’

‘डाव्या कुणी केल्या?’ मी म्हटलं.